कोणती भाषा जास्त अवघड? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सोलापुरात या प्रश्नावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, जोडीला दखनी आणि बाजारात सगळ्यांची मिळून मराठी. अवघड भाषा मात्र नेहमी शेजाऱ्याचीच!

विद्वानही याहून फार वेगळे नव्हते. 19व्या शतकात युरोपात भाषांची उतरंड लागली: विभक्ती-प्रत्ययांनी लगडलेल्या संस्कृत, ग्रीक वर आणि चिनी खाली. पुढच्या शतकाने ती मोडीत काढली, ते योग्यच झालं. पण त्या भरात उलट टोकाचं विधान रूढ झालं. शब्दांची रूपं अवघड असतील तर वाक्यरचना सोपी असते, त्यामुळे एकूण गुंतागुंत सगळीकडे सारखीच भरते, असं अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी 1958 साली लिहिलं. हे काटेकोर मोजणं कठीण आहे, हे त्यांनी तिथेच मान्य केलं होतं. पाठ्यपुस्तकांनी विधान उचललं, कबुली गाळली.

मोजणी बरीच उशिरा आली. 1998 मध्ये पॅट्रिक जुओला यांनी बायबलची भाषांतरं संगणकावर फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली. मजकुरात नियमितपणा जितका जास्त, तितकी फाइल लहान होते. शब्दांची अंतर्गत रचना मुद्दाम पुसून पुन्हा मोजलं, की त्या रचनेचा वाटा कळतो. हीच दिशा धरून जर्मनीतल्या मानहाइमच्या संशोधकांनी 2017 मध्ये जवळजवळ 1,200 भाषा तपासल्या. एकदा शब्दांचा क्रम विस्कटला, एकदा शब्दांची घडण. जिथे क्रमावर भार जास्त, तिथे घडणीवर कमी, असं दिसलं. मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. ‘म्हशीनं गड्याला ढकललं’ हे वाक्य कसंही फिरवा, दोष म्हशीचाच राहतो. इंग्रजीत कर्ता-कर्माची अदलाबदल केली की गडी गुन्हेगार ठरतो.

पण क्रम आणि घडण या एका जोडीत देवाणघेवाण दिसली म्हणून एकूण बेरीज सारखी ठरत नाही. रायन शोस्टेड यांना 2006 मध्ये 32 भाषांत उच्चारव्यवस्था आणि क्रियापदांची रूपं यांच्यात असा तोल सापडलाच नाही. 2023 मध्ये मानहाइमच्याच गटाने दोन हजारांहून अधिक भाषांवरून समान गुंतागुंतीची कल्पना टिकत नसल्याचं मांडलं.

सांख्यिकीची खरी अडचण मात्र आपल्याकडे लगेच दिसते: मोजलेले नमुने एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. तेलुगू आणि कन्नड एकाच कुळातल्या, मराठी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या शेजारात. त्यांना तीन स्वतंत्र नमुने कसं धरणार? सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांना 1971 च्या अभ्यासात मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यं इतकी जवळ आलेली आढळली, की शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता येत होतं.