विषारी वनौषधी (कोल्हापूर परिसर)

कच्च्या स्वरूपात पोटात गेल्यास घातक ठरणाऱ्या, पण शोधन (विषाचा जोर कमी करण्याची प्रक्रिया) करून अत्यल्प मात्रेत औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या वनस्पती. रसशास्त्रात (आयुर्वेदाच्या औषधनिर्मितीच्या शाखेत) त्यांचे विष व उपविष असे गट केलेले आहेत. बचनाग विषांत मोडतो. रुई, निवडुंग, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा ही उपविषे. काही ग्रंथ कुचला (काजरा) आणि बिब्बाही यांतच धरतात.

अफू सोडली तर यांतली बहुतेक झाडे कोल्हापूरकरांच्या नित्य पाहण्यातली आहेत. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ पडते. गणपतीच्या पत्रीत रुई, धोत्रा, कण्हेर तिन्ही असतात. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या बाजूला पावसाळ्यात कळलावी झुडपांवर चढते. पानाच्या टोकाला वळलेला ताणा आणि लाल-पिवळ्या, लाटेसारख्या कडांच्या पाकळ्या ही तिची खूण. बचनाग मात्र हिमालयातला. इथे तो काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेल्या मुळांच्या रूपातच दिसतो. घोळ असा, की गावाकडे कळलावीच्या कंदालाही बचनाग म्हणतात. खऱ्या बचनागातील ॲकोनिटीन हृदयाचे ठोके बिघडवते, तर कळलावीतील कोल्चिसिन पेशींचे विभाजन अडवते. म्हणून केवळ नाव ऐकून मुळी वापरणे जिवावर बेतू शकते.

शोधनाची रीत प्रत्येक द्रव्याला वेगळी. कुचल्याची बी चपटी, बटणासारखी, वर करडी मखमली लव. ती सात दिवस गोमूत्रात भिजत ठेवतात व गोमूत्र रोज बदलतात. मग पुरचुंडीत बांधून दुधात लोंबती ठेवून उकळतात. या मांडणीला दोलायंत्र म्हणतात. बी मऊ झाली की साल काढायची, दोन दले उघडून आतला कोंब वेगळा करायचा, उरलेला भाग तुपात परतून कुटायचा. ते दूध टाकून द्यावे लागते, कारण विषाचा अंश त्यात उतरतो. एवढे करूनही कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे विष पूर्ण जात नाही, कमी होते. शुद्ध कुचल्याची मात्रा 60 ते 125 मिलिग्रॅम इतकीच. गुंजेतील ॲब्रिन हे प्रथिन असल्याने उकळण्याने त्याची शक्ती मोडते. कोल्चिसिन तसे उष्णतेला दाद देत नाही. सगळे काही ‘उकळले की निर्धोक’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

सर्दी-तापावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्ती रस या आयुर्वेदिक औषधात शुद्ध बचनाग असतो, हे अनेकांच्या गावीही नसते. औषधे नियम, 1945 (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या परिशिष्ट ‘ई-१’ मध्ये अशा विषारी द्रव्यांची यादी आहे. ती असलेल्या पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते.

बिब्ब्याचे शोधन कोरडे. देठाकडचे टोक कापून फळे विटेच्या भुकटीत चोळतात; भुकटी तेल शोषून घेते, मग फळे गरम पाण्याने धुतात. हे करणाऱ्याने हातांना आधी खोबरेल लावायचे असते. भेगाळलेल्या टाचांना बिब्ब्याचा चटका देण्याची जुनी पद्धत आहे, पण तेच तेल एखाद्याच्या अंगावर उतते. कातडी लाल होते, खाज सुटते, फोड येतात, आणि हे कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही.