सरवा वेचणारी चोर कुणाची?

कम्युनिझमवर वाद रंगला की दोन ठरलेली वाक्यं कानावर येतात. एकाचं म्हणणं, कम्युनिझम म्हणजे स्टालिन, छळछावण्या आणि उपासमार. दुसरा म्हणतो, छे, तो खरा कम्युनिझम नव्हताच. पहिला कम्युनिझम आणि सर्वंकष सत्ता या दोन्ही गोष्टी एकच धरून चालतो, दुसरा त्यांची सोयरीकच नाकारतो. माझं दोघांशीही जमत नाही.

कम्युनिझमचा मूळ प्रश्न मालकीचा आहे. गिरणी, खाण, जमीन कुणाची? कामगाराच्या श्रमातून त्याच्या मजुरीच्या वर निघणारं मोल, म्हणजे वरकड मूल्य, कुणाच्या खिशात जातं? मार्क्सचं उत्तर : उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची व्हावीत, वर्ग संपावेत आणि वर्गच उरले नाहीत की राज्यसंस्थाही गळून पडावी. सर्वंकष सत्तेचा प्रश्न वेगळाच आहे. तिथे मुद्दा असतो सत्तेला अडवायचं कुणी हा. एकच पक्ष, त्याचंच वर्तमानपत्र, त्याचंच न्यायालय, त्याचेच पोलीस. ही काही कम्युनिस्टांची मिरासदारी नव्हे; ‘सर्वंकष’ या अर्थाचा शब्द राजकारणात आला तो 1920च्या दशकातल्या इटलीत, मुसोलिनीच्या राजवटीबद्दल. उलट, केरळात 1957 साली कम्युनिस्ट मतपेटीतून सत्तेवर आले आणि 1959 साली केंद्राने त्यांचं सरकार बरखास्त केलं, तेव्हा खुर्ची सोडून गेले.

पण दोन्ही एकत्र आले की काय होतं, ते सरव्यावरून कळतं. कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं वेचायची, तो सरवा. पीक मालकाचं, सरवा गरिबाचा, ही जुनी रीत. आता 7 ऑगस्ट 1932चा सोव्हिएत कायदा पाहा. सामुदायिक शेतातली चोरी म्हणजे समाजाच्या मालमत्तेवर घाला. शिक्षा : गोळी. काही सौम्य कारण सापडलंच, तर किमान दहा वर्षं कैद. दोन्ही शिक्षांत मालमत्ताही जप्त. लोकांनी त्याचं नाव पाडलं ‘पाच कणसांचा कायदा’, कारण ओंजळभर कणसं वेचणाऱ्या उपाशी बायाही त्यात सापडत होत्या.

कागदावर ते शेत त्या बाईचंही होतं. सामुदायिक म्हणजे सगळ्यांचं ना? मग ती चोर कुणाची? शेतात काय पेरायचं, सरकारला किती घालायचं, हे तिने किंवा तिच्या गावाने ठरवलेलं नव्हतं. धान्यवसुलीचा आकडा वरून यायचा. 1932-33च्या त्या दुष्काळात युक्रेन आणि कझाकस्तानात लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि परदेशी धान्य पाठवणं तरीही थांबलं नाही. मालकी समाजाची झाली म्हणायचं, पण समाजाच्या वतीने सही करणारा हात एकाच पक्षाचा, आणि तो धरायची सोय नाही. जुन्या जमीनदाराविरुद्ध निदान वरच्या दाराशी गाऱ्हाणं तरी नेता येई. इथे सगळी दारं एकाच घराची.

इथपर्यंत वाचून ‘म्हणजे विचार चांगला, माणसं वाईट’ असं म्हणावंसं वाटेल. मला ते सोपं वाटतं. मार्क्सने ‘कामगारवर्गाची हुकूमशाही’ हा शब्द वापरला, पण कामगारांच्या नावाने राज्य करणारे बिघडले तर काय, याचं बांधीव उत्तर कुठे दिलं नाही. जवळात जवळचा नमुना म्हणजे 1871चं पॅरिस कम्यून, त्या शहरातलं बंडखोर लोकांचं सरकार, जेमतेम 72 दिवसांचं : निवडून दिलेला प्रतिनिधी केव्हाही परत बोलवायचा, आणि पगार कामगाराएवढाच घ्यायचा. लेनिनने 1917 साली, फिनलंडमध्ये लपून बसलेला असताना, नेमकं याचंच गुणगान लिहिलं. सत्ता हाती आल्यावर 1918च्या जानेवारीत रशियाची निवडून आलेली संविधान सभा एकाच बैठकीनंतर मोडली गेली. 1921च्या मार्चमध्ये क्रोनश्टाट या रशियन नाविक तळावरच्या नौसैनिकांनी सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या, अशी मागणी केली. ती काही भांडवलशाही परत आणायची मागणी नव्हती. लेनिनच्या सरकारचं लाल सैन्य गोठलेल्या समुद्रावरून चालून गेलं आणि बंड मोडलं. त्याच महिन्यात पक्षातल्या गटांवरही बंदी आली. स्टालिन सर्वेसर्वा व्हायला अजून कित्येक वर्षं होती, हे विसरू नये. पोकळी विचारातच होती. ती कशाने भरायची हे मात्र माणसांनी ठरवलं.

आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात 1945 साली लाल बावट्याखाली वारली उठले ते वेठबिगारी मोडायला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पुढे होते. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायला आम्ही जाणार नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी रशियात, तोच बावटा जिथे सरकारी होता तिथे, शहरवासीयांकडे देशांतर्गत पासपोर्ट असे आणि सामुदायिक शेतावरच्या बहुतेक शेतकऱ्यांकडे नसे. गाव कायमचं सोडायचं तर वरून परवानगी लागे. त्यांना सरसकट पासपोर्ट द्यायचं ठरलं ते 1974 साली.