श्रद्धा, सही आणि सरकारी पद: विवाह परवान्यांच्या वादाची पार्श्वभूमी

सरकारी अधिकारी ‘हे काम माझ्या धर्माला मान्य नाही’ म्हणतो, तेव्हा दोन प्रश्न तपासावे लागतात. ते काम त्यानेच करणे कायद्याने आवश्यक आहे का? आणि त्याने नकार दिला, तर समोरच्या नागरिकाला ते त्याच ठिकाणी, विनाविलंब मिळते का?

बेल्जियममध्ये १९९० साली पहिल्या प्रश्नानेच पेच निर्माण केला. गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही करायला राजे बोदुएँ यांनी नकार दिला आणि राजाच्या सहीला तर पर्याय नव्हता. अखेर ‘राजा राज्य करण्यास असमर्थ’ ही घटनात्मक तरतूद वापरून मंत्रिमंडळाने कायदा जारी केला. त्यानंतर लगेच संसदेने राजांचे अधिकार परत दिले. रोज अर्ज येणाऱ्या कार्यालयात असली तोड निघू शकत नाही.

अमेरिकेत नागरी हक्क कायद्यातील १९७२ च्या दुरुस्तीने मालकावर कर्मचाऱ्याच्या धर्माचरणासाठी सोय करून देण्याचे बंधन घातले, मात्र मालकाला त्याचा अवाजवी त्रास होता कामा नये. सरकारी कर्मचारीही या कायद्याखाली येतात, पण निवडून आलेले पदाधिकारी येत नाहीत. केंटकी राज्यातील रोवन काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) विवाह परवान्यांचे प्रकरण चिघळण्यामागे हा तपशील मोठा आहे.

केंटकीत विवाह परवाना काउंटी क्लार्क देतो आणि हे पद निवडणुकीने भरले जाते. परवान्याच्या छापील नमुन्यावर क्लार्कचे नाव असे, मग प्रत्यक्ष सही उपक्लार्कने केली तरीही. २६ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य केला. त्यावर रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी स्वतःपुरती माघार घेतली नाही. त्यांनी सर्वच जोडप्यांचे परवाने थांबवले आणि हाताखालच्या उपक्लार्कनाही मनाई केली. आपल्या नावाने परवाना जाणे म्हणजे त्या विवाहाला संमती देणे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाला हे पटले नाही. अर्जदार कायद्याच्या अटींत बसतो एवढेच क्लार्क प्रमाणित करतो, त्यात त्याची नैतिक पसंती येत नाही.

१२ ऑगस्टला परवाने देण्याचा आदेश निघाला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि ३ सप्टेंबरला डेव्हिस न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेल्या. दुसऱ्याच दिवशी उपक्लार्कनी परवाने द्यायला सुरुवात केली. म्हणजे काम करायला माणसे आधीपासून होती, अडवणूक वरून होत होती. प्रकरणाचा निवाडा करताना हीच गोष्ट सर्वांत वजनदार ठरायला हवी. खरा तोडगा अगदी साधा होता: डिसेंबरमध्ये गव्हर्नरांनी नमुन्यावरून क्लार्कचे नाव काढले आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने तसा कायदा केला. तोपर्यंत नुकसान झालेले होते. २०२३ मध्ये ज्युरीने एका जोडप्यातील दोघांना प्रत्येकी ५०,००० डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला, आणि तीही डेव्हिस यांनी वैयक्तिकरीत्या द्यायची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका ऐकण्यास नकार दिला.

नॉर्थ कॅरोलायनाने २०१५ मध्येच वेगळी वाट काढली. तिथे दंडाधिकारी अंग काढून घेऊ शकतो, पण किमान सहा महिने आणि सर्वच विवाहांतून. निवडक नकाराला जागा नाही. काउंटीत एकही दंडाधिकारी उरला नाही, तर बाहेरून माणूस आणण्याची जबाबदारी न्यायालयीन प्रशासनाची.

युरोपने यापेक्षा कठोर भूमिका घेतली. लंडनच्या इस्लिंग्टनमधील एक निबंधक सुरुवातीला सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून समलिंगी जोडप्यांच्या नोंदण्या टाळत होत्या. पुढे सहकाऱ्यांनी तक्रार केली आणि इस्लिंग्टनच्या स्थानिक परिषदेने शिस्तभंगाची कारवाई केली. २०१३ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी परिषदेची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी फ्रान्सच्या घटना परिषदेने महापौरांना विवेकाच्या आधारे सूट देणे घटनेने बंधनकारक नसल्याचे सांगितले. नेदरलँड्सने २०१४ च्या कायद्याने नकार देणाऱ्यांच्या नव्या नेमणुका बंद केल्या.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव सर्वाधिक बोलका आहे. २००६ च्या कायद्यातील कलम ६ नुसार विवाह अधिकारी मंत्र्यांना लेखी कळवून समलिंगी विवाह लावण्यातून सूट घेऊ शकत असे. प्रत्येक कार्यालयात एक तरी तयार अधिकारी असलाच पाहिजे, अशी अट मात्र त्यात नव्हती. परिणामी कित्येक कार्यालयांत कोणीच उरले नाही आणि जोडप्यांना दुसऱ्या गावी जावे लागले. २०२० मध्ये संसदेने ते कलमच रद्द केले.