फळांचे सूक्ष्मजीवजन्य दूषण

बाजारात विक्रीस आलेल्या ताज्या फळांच्या सालीवर किंवा गरात जीवाणू, विषाणू, बुरशी अथवा परजीवी आदिजीव यांचा माणसाला अपायकारक ठरेल असा शिरकाव होणे, यास फळांचे सूक्ष्मजीवजन्य दूषण म्हणतात. फळ नासणे आणि फळ दूषित होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नासलेले फळ वासावरून व मऊपणावरून ओळखू येते आणि गिऱ्हाईक ते बाजूला सारते. साल्मोनेला, शिगेला किंवा एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूंचे रोगकारक प्रकार चिकटलेले फळ मात्र बहुधा डोळ्यांना व जिभेला निर्दोषच वाटते. आंब्यावर काळे डाग पाडणारी कोलेटोट्रिकम, देठाकडून कूज आणणारी लॅसिओडिप्लोडिया किंवा स्ट्रॉबेरीवर करडी लव आणणारी बॉट्रायटिस या बुरशी फळाच्या शत्रू असल्या, तरी सहसा खाणाऱ्याच्या नाहीत. सफरचंदावरील पेनिसिलियम एक्सपान्सम हा यातला महत्त्वाचा अपवाद आहे. तिच्यापासून पॅट्युलिन हे विष तयार होते आणि ते कुजलेल्या डागाभोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही थोडे उतरते; सफरचंदाच्या रसात त्याचे प्रमाण किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आहे.

हापूस आंब्यातील साका हीदेखील कूजच, असा समज आढळतो. तो खरा नाही. चीमा व दाणी या संशोधकांनी १९३४ साली नोंदविलेल्या या विकृतीत गराचा काही भाग फिकट, स्पंजासारखा व आंबट राहतो. काढणीनंतर तापलेल्या जमिनीची उष्णता फळाला लागल्याने साका होतो, असे मत बराच काळ प्रचलित होते. फळ झाडावर असतानाच कोयीत रुजण्याची क्रिया सुरू होते आणि तिचा गरावर परिणाम होतो, हे नंतरचे मत अधिक पटण्याजोगे आहे. दोन्ही मतांनुसार साका ही सूक्ष्मजीवांची करणी ठरत नाही.

फळे व साथीचे रोग यांचा संबंध जंतुशास्त्राच्या आधीपासून जोडला जात होता. १८३२ च्या पटकीच्या (कॉलराच्या) साथीत अमेरिकेतील काही शहरांनी कच्च्या फळांच्या विक्रीवर निर्बंध घातले होते, पण त्यामागे जंतूंची कल्पना नसून पोट बिघडल्याने पटकी जडते, ही समजूत होती. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या जंतूविषयीचे आपले निष्कर्ष पक्के केले. तेव्हापासून दोष फळाचा नसून त्याला लागलेल्या पाण्याचा व हातांचा, ही मांडणी हळूहळू रूढ झाली. केवळ एका फळापर्यंत माग काढलेल्या आरंभीच्या प्रकरणांपैकी एक मॅसॅच्युसेट्समधील असून १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्यात कापून विकलेल्या कलिंगडातून साल्मोनेलाचा संसर्ग झाला होता.

जंतू सालीवरच राहतात की गरात शिरतात, हा या विषयातील मुख्य वाद होय. अखंड साल हा पुरेसा अडथळा आहे, असे पूर्वी गृहीत धरले जाई. बार्ट्झ व शोवॉल्टर या संशोधकांनी १९८१ मध्ये टोमॅटोवर केलेल्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला. उष्ण फळ त्याहून थंड पाण्यात बुडविले की आतील हवा आकुंचन पावते, दाब घटतो आणि देठाच्या खाचेतून पाणी जंतूंसह आत ओढले जाते, असे त्यांतून दिसले. प्रयोगशाळेतील हा दाब बाजारात कितपत लागू पडतो, अशी शंका घेतली गेली. तिला बऱ्याच अंशी उत्तर देणारी घटना १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत घडली. ब्राझीलहून आलेल्या आंब्यांमुळे साल्मोनेलाच्या न्यूपोर्ट या प्रकाराची बाधा होऊन १३ राज्यांत ७८ रुग्ण आढळले व त्यांपैकी दोघे दगावले. फळमाशी मारण्यासाठी हे आंबे आधी गरम पाण्यात ठेवून मग थंड पाण्यात बुडविले जात. त्याच बागेतील युरोपात गेलेल्या आंब्यांना ही प्रक्रिया दिलेली नव्हती आणि तिकडे अशी साथ आढळली नाही. नंतरच्या प्रयोगांतही थंड पाण्यातील जंतू आंब्याच्या गरात, विशेषतः देठाकडील भागात, सापडले. कीटकनाशक रसायने टाळण्यासाठी आणलेल्या उपायानेच जंतूंना वाट मिळाली असावी, हे मत आता सामान्यतः मान्य आहे. कोकणातील हापूस २००७ पासून अमेरिकेत पाठविला जातो, तो किरणन करून, म्हणजे किरणांचा मारा करून, आणि सुरुवातीला हे काम लासलगाव येथील केंद्रात होई; मात्र त्यासाठीची ४०० ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा किडींसाठी ठरविलेली आहे, तिने आंबा निर्जंतुक होत नाही.

साल कापली गेली की हा वाद उरत नाही, कारण सुरीच सालीवरचे जंतू गरात नेते. पुढे काय होते ते बरेचसे फळाच्या आंबटपणावर ठरते. द्राक्षे व संत्री यांचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका लहान तितका आंबटपणा अधिक) बहुधा ४ च्या आसपास वा त्याखाली असतो आणि तेथे जंतू तग धरले तरी सहसा वाढत नाहीत. कलिंगडाचा पीएच ५ च्या वर व खरबुजाचा ६ च्या वर असतो, गरात साखर व पाणी मुबलक असते आणि उन्हाळ्यात हातगाडीवर तापमानही जंतूंना पोषक राहते. खरबुजाच्या जाळीदार सालीच्या खाचांतून जंतू धुऊन काढणेही अवघड जाते. कोलोरॅडोतील खरबुजांमुळे २०११ साली लिस्टेरिया या जीवाणूची जी साथ आली, तिच्यात १४७ रुग्ण व ३३ मृत्यू नोंदले गेले. लिस्टेरिया शीतपेटीतील तापमानातही वाढू शकतो.

आपल्याकडील बाजारात फळ आडत्याच्या गाळ्यावरील जमीन, करंड्या, हमालांचे हात, टवटवी टिकावी म्हणून मारलेले पाणी आणि फोडींखालचा बर्फ यांच्या संपर्कात येते. यांपैकी पाणी व बर्फ अधिक धोक्याचे मानावेत. कारण बर्फ खाण्याच्या पाण्याचाच असेल, असे नाही. हातगाडीवरच्या मालाला पावती नसल्याने जुलाबाच्या साथीचा माग विशिष्ट फळापर्यंत क्वचितच लागतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा मुख्य कायदा असून उघड्यावरील कापलेल्या फळांवरची प्रत्यक्ष कारवाई पुष्कळदा पालिकांकडूनच होते. कार्बाइडने फळे पिकविण्यावरील बंदी याच संदर्भात सांगितली जाते, परंतु तो प्रश्न रासायनिक आहे.

वाहत्या पाण्याने धुतल्यास सालीवरील जंतू कमी होतात. क्लोरीनयुक्त पाण्यानेही ही घट साधारणपणे १० ते १०० पट एवढीच असते आणि गरात शिरलेल्या जंतूंवर तिचा परिणाम होत नाही. म्हणून मोठ्या प्रमाणावर आंबे वा टोमॅटो बुडवून धुताना पाणी गरापेक्षा सुमारे ५° से. अधिक उष्ण ठेवण्याची शिफारस केली जाते.