दारू सोडवण्यासाठी घराने काय करावे?

घरातल्या माणसाची दारू हाताबाहेर गेली की काका-मामांना बोलावून सर्वांसमोर त्याला खडसवायचे आणि देवासमोर शपथ घ्यायला लावायची, हा आपल्याकडचा परिचित मार्ग आहे. अमेरिकेत व्हर्नन जॉन्सन या धर्मगुरूंनी याहून संयमी, पूर्वतयारीने घ्यायच्या कौटुंबिक बैठकीची पद्धत रुजवली. मात्र न्यू मेक्सिको विद्यापीठातील विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १३० कुटुंबीयांवरील जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ही बैठक शिकवलेल्या गटातील ३० टक्के व्यसनी व्यक्ती उपचारांपर्यंत पोहोचल्या, तर घरच्यांना स्वतःचे रोजचे वागणे बदलायला शिकवणाऱ्या ‘क्राफ्ट’ पद्धतीने ६४ टक्के पोहोचल्या. फरकाचे मोठे कारण असे, की बैठक शिकलेल्या बहुसंख्य घरांनी ती प्रत्यक्षात घेतलीच नाही. आपल्या माणसाला असे कोंडीत पकडणे घरच्यांना किती जड जाते, हे त्यातून दिसते.

‘क्राफ्ट’मध्ये घरचे लोक स्वतःचा प्रतिसाद बदलतात. व्यसनी माणूस न पिता घरी आला, तर त्याच्याबरोबर जेवावे, निवांत बोलावे, आणि त्या दिवशी जुन्या चुका उगाळू नयेत. पिऊन आला तर वाद न घालता बाजूला व्हावे. पण ‘ताप आलाय’ असा खोटा निरोप कामावर धाडू नये आणि गुत्त्यावरची उधारीही फेडू नये. मारहाणीची भीती असेल, तिथे मात्र आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी. उपचारांचा विषय तो शुद्धीत आणि खजील असताना काढावा, आणि त्याने होकार दिला तर त्याच दिवशी कुठे न्यायचे हे आधीच ठरलेले असावे, कारण असा होकार फार काळ टिकत नाही. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. घरच्या माणसालाही आधार लागतो, ही जाण मला फार मोलाची वाटते.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी तोडू नये. दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत उत्तेजित राहायला सरावलेला मेंदू दारू थांबताच बेफाम होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी, आणि दोन ते चार दिवसांत थरथर, भास व भ्रम उद्भवू शकतात, आणि उपचार न मिळाल्यास ते जिवावर बेततात. तसेच दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध जेवणातून चोरून देऊ नये. ते पोटात असताना दारू प्यायल्यास उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर घरच्यांनाही मराठीतून सल्ला मिळतो.