गोवर एकदाच निघतो, पण विषाणूचं काय?

एकदा गोवर निघाला की पुन्हा निघत नाही, या समजुतीला पहिला भक्कम आधार मिळाला तो १८४६ साली. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर साथ आली आणि सुमारे ७,८०० लोकवस्तीतले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. डेन्मार्कहून पाठवलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरने एक गोष्ट टिपली: १७८१च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, ते म्हातारे या वेळी सुटले. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता. म्हणजे विषाणूशी अधूनमधून गाठ पडली नाही तरी संरक्षण टिकतं.

मात्र पानुम पाहत होता ते अंगावरचं पुरळ. रक्तातलं त्याला दिसणं शक्य नव्हतं.

१९५४मध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि १९६३मध्ये लस आली. अँटीबॉडी (विषाणूला चिकटून त्याला रोखणारी रक्तातली प्रथिनं) मोजता येऊ लागल्या, तसं जुन्या समजुतीचं दुसरं अंग उघड झालं. पूर्वी गोवर होऊन गेलेल्या किंवा लस घेतलेल्या मुलांचा रुग्णाशी संबंध आला, की काहींच्या अँटीबॉडी एकदम वाढत. ताप नाही, पुरळ नाही. विषाणू शिरला होता, आजार झाला नव्हता.

आकडे हाती लागले ते योगायोगाने. अमेरिकेतल्या एका शिक्षणसंस्थेत रक्तदान शिबिर झालं आणि त्यानंतर तिथे गोवराची साथ आली. साथीपूर्वीचं रक्त आयतंच उपलब्ध होतं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अँटीबॉडीचं प्रमाण (टायटर) १२० किंवा त्याहून कमी असलेल्या ९ जणांपैकी ८ जणांना गोवर झाला. १२०च्या वर असलेल्या ७१ जणांपैकी एकालाही नाही. खरी मेख पुढे आहे. आजारी न पडलेल्या, पण टायटर १०५२च्या खाली असलेल्या ३७ जणांपैकी २६ जणांच्या अँटीबॉडी चौपट किंवा त्याहून जास्त वाढल्या. १०५२ आणि त्यावरच्या ३१ जणांमध्ये अशी वाढ एकातही नव्हती. थोडक्यात, आजार टाळायला लागणारी पातळी वेगळी आणि संसर्ग रोखायला लागणारी बरीच वरची. त्या २६ पैकी १७ जणांनी एखाद-दुसरं किरकोळ लक्षण सांगितलं होतं. त्यामुळे अशा संसर्गाला ‘लक्षणविरहित’ म्हणतात, तो शब्दही जरा सैलच वापरला जातो.

असं होतं, कारण गोवर सावकाश उलगडतो. विषाणू श्वासमार्गातल्या रोगप्रतिकारक पेशींत शिरतो, लसिकाग्रंथींत वाढतो आणि मग रक्तातून अंगभर जातो. पुरळ उठायला साधारण १४ दिवस लागतात. आधीच्या गाठीची आठवण ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मात्र काही दिवसांतच अँटीबॉडी तयार करू लागतात आणि विषाणूला रक्तात पसरायला फारसा अवसरच मिळत नाही. पुरळ हे शरीराने संसर्ग झालेल्या पेशींवर केलेल्या हल्ल्याचं चिन्ह आहे. अशा पेशी थोड्याच असतील, तर अंगावर काही उमटतही नाही.

असा माणूस दुसऱ्याला गोवर देतो का? फारच क्वचित. २०११मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन्ही डोस घेतलेल्या एका व्यक्तीकडून चार जणांना लागण झाली. पण तिला लक्षणं होती, आणि त्या चौघांकडून पुढे कोणालाच गोवर झाला नाही.

असा पुन्हा झालेला संसर्ग ओळखण्यात चूक होते ती रक्ततपासणीत. पहिल्या संसर्गात हमखास शोधली जाणारी, सुरुवातीला तयार होणारी आयजीएम अँटीबॉडी अशा व्यक्तीत नसू शकते किंवा अल्पकाळ दिसते. आयजीजी ही दीर्घकाळ टिकणारी अँटीबॉडी तर आधीपासून असतेच आणि झपाट्याने चढते. पहिला रक्तनमुना उशिरा घेतला, तर ती तोवर शिखराला पोचलेली असते आणि दुसऱ्या नमुन्यात चौपट वाढ सापडत नाही. म्हणून घशाच्या स्वॅबची पीसीआर (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) लवकर करावी लागते. शिवाय आयजीजी विषाणूला किती घट्ट चिकटते, तेही तपासतात: सैल पकड म्हणजे पहिलीच भेट, घट्ट पकड म्हणजे जुनी ओळख.