एका गुंठ्यात एक टँकर

कल्याणहून मुरबाडला निघालं की फलक सुरू होतात. ‘एनए प्लॉट’, ‘सेकंड होम’, ‘गुंठा फक्त इतक्या लाखांत’. त्या भावात मातीचं एकच काम धरलेलं असतं, वर घर उभं राहतं. एरवी शेत म्हणजे ‘नुसती पडून असलेली जमीन’. हे आमच्या ठाण्याच्या सोसायटीत इतक्यांदा ऐकलंय की शेवटी कागद-पेन घेऊन बसलो.

गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. भातखाचराचा बांध पाण्याच्या वर 10 सेंटिमीटर मोकळा असेल आणि सर कोसळली, तर एका गुंठ्यात दहा हजार लिटर पाणी थांबतं. म्हणजे एक मोठा टँकर. एकरात चाळीस. खाचर आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर मात्र काहीच थांबत नाही.

बांध पाणी बाजूने अडवतो, हे दिसतं. तळातून ते का झिरपून जात नाही? याचं उत्तर चिखलणीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरातली माती कालवून चिखल करण्यात आहे आणि मला ते फार आवडतं. कोरड्या मातीचे कण एकमेकांना चिकटून बारीक गोळ्या झालेल्या असतात, मधल्या फटींतून पाणी सरळ खाली उतरतं. शेतकरी लावणीआधी या गोळ्या मुद्दाम मोडतो. मुरबाडजवळच्या मामांच्या खाचरातली मूठभर माती मी घरी बाटलीत घालून जोरात हलवली आणि ओट्यावर ठेवली. वाळू काही सेकंदांत तळाला गेली. त्यावर गाळ बसला. पाणी मात्र रात्रीपर्यंत चहासारखंच होतं. कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. त्यामुळे 0.002 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला 10 सेंटिमीटर उतरायला सुमारे आठ तास लागतात. सगळ्यात बारीक ते सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात वर बसतं. खाचरातही तेच होतं, फटींवर साय धरल्यासारखा थर येतो. खाली बैलांच्या खुरांनी किंवा ट्रॅक्टरने दाबलेला कठीण तळ असतोच. भारी जमिनीत मग दिवसाला काही मिलिमीटरच पाणी झिरपतं. चिकणमातीचे कण चपटे, त्यांच्या पृष्ठावर ऋण भार. कॅल्शियम त्यांना जवळ आणतो, सोडियम एकमेकांपासून सुटू देतो. खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली माती गोडं पाणी लागताच विरघळल्यासारखी होते, ती या सोडियममुळे.

खाजणावरून नवी मुंबई आठवली. हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, 1970 साली स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर शहर बसलं. त्यात भातशेती होती, खाजणं होती, मिठागरं होती. आज वाशी, नेरूळ, बेलापूरला धारण तलाव आहेत. भरती असताना पाऊस पडला की पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडपा उघडून खाडीत जातं. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबंदिस्तीच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, हेच करायची, भरतीला बंद, ओहोटीला उघडी. पूर्वी हे काम शेत करत होतं. आता त्यासाठी तलाव, झडपा, पंप आणि गाळ काढायचे वाद आहेत.

किंमत काढायची एक पद्धत हीच, ते काम दुसऱ्या कशाकडून करून घ्यायला काय पडेल ते पाहायचं. जपानच्या विज्ञान परिषदेसमोर 2001 साली तिथल्या शेतांनी पूर रोखण्याचा असा हिशेब आला. तेवढं पाणी अडवणाऱ्या धरणांचा खर्च धरून आकडा निघाला, वर्षाला सुमारे साडेतीन लाख कोटी येन. यात एक गोम आहे. खाली शहर नसेल, तर अडवलेल्या त्याच पाण्याची किंमत जवळपास शून्य. मुरबाडच्या बाजूचं पाणी काळू नदीने उल्हासला जातं आणि उल्हासच्या काठी कल्याण आहे, म्हणून मामांचा गुंठा महाग. मातीत काहीच बदललेलं नाही. शिवाय वजाबाकीही करायची असते. तुंबलेल्या मातीतला प्राणवायू संपला की सूक्ष्मजीव आधी नायट्रेट, मग मँगनीज, लोह, सल्फेट वापरतात आणि शेवटी मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो.

आणि माती किती पाणी धरते याबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणारा तो निरोप! ‘सेंद्रिय पदार्थ एक टक्का वाढवा, एकरात 75 हजार लिटर जादा पाणी धरा.’ मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी 2018 साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. त्यांच्या सरासरीने वरच्या फूटभर मातीत पिकाला मिळणारं पाणी एकरी आठेक हजार लिटरच वाढतं. शेणखत जरूर घालावं, पण दहापट आकडे फिरवून ते विकू नये.

मामांना टँकरचा हिशेब सांगितला, तेव्हा ते खेकड्याने बांधाला पाडलेलं भोक चिखल दाबून बुजवत होते. म्हणाले, ‘‘मी पाणी भाताला अडवतो. कल्याणला नाय.’’ शेजारच्या खाचरात गेल्या उन्हाळ्यात भराव पडलाय, प्लॉटसाठी. तिथलं पाणी आता मामांच्या बांधावर येतं. जुलैत तो एका जागी फुटला. बांधायला दोन गडी, दीड दिवस आणि दोन्ही वेळचं जेवण लागलं.